डिस्चार्जनंतरचे बेचाळीस दिवस

आज आपण दवाखान्यातून घरी परतण्याचा इतिहास पाहू, आणि तो पूर्णेकाठच्या केदारखेड्याच्या नजरेतून पाहू.

घरी सावरण्याची एक नेमकी रीत आपल्याकडे जुनीच आहे: बाळंतिणीचा सव्वा महिना. तेल-मालिश, शेक, डिंकाचे लाडू. कुणी काय करायचं, हे घराला पाठ असतं. आजारातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी मात्र अशी मुदत कधी ठरली नाही. त्याचं घरातल्या बाईनं करायचं, एवढंच ठरलेलं. देवळाली-खंडाळ्याला हवापालटाची आरोग्यभवनं उभी राहिली, ती शहरातल्या लोकांसाठी.

१९८१ला जालना जिल्हा झाला, जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं. २०१४मध्ये १०८ची रुग्णवाहिका आली. दवाखान्यात जाणं सोपं झालं. पण परत आल्यावर काय?

याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडलं होतं, पण बाळांसाठी. १९९०च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरोघर जाऊन नवजात बाळांना तपासू लागल्या आणि बालमृत्यू घटले. २०११पासून देशभर आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात. म्हणजे आपला सव्वा महिनाच, थोडा वाढवलेला!

वृद्धांसाठी २०१०-११मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची तरतूद त्यात आहे. २०२४मध्ये सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजना लागू झाली. डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा खर्चही तिच्यात धरलेला आहे. खर्च धरला, पण बाळासारखे भेटीचे वार कुठे लागले?

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजीचा विचार करू. पडून राहिली की पायातली ताकद दिवसागणिक जाते. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. जुन्या गोळ्या आणि नव्या गोळ्या एकाच डब्यात जातात. सूनबाई दिवसभर शेतात, आणि आजी वॉकर भिंतीला टेकवून बाजेवर.

यातलं काहीच मोठ्या यंत्रानं सुटणारं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात यावं, पाठ पाहावी, गोळ्या वेगळ्या कराव्यात, आजीला धरून अंगणापर्यंत चालवावं. पुन्हा सातव्या दिवशी यावं. बाळासाठी आपण हे वार ठरवले. आजीसाठी ठरवायचे राहिलेत.