मुंबईतील प्लेग आणि साथरोगांचे गणिती प्रतिमान : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

रोगाची साथ वाढते व काही काळाने ओसरते. ती का ओसरते, या प्रश्नाचे गणिती उत्तर विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडले. लोकसंख्या-जीवशास्त्रात पायाभूत ठरलेल्या या निबंधात उदाहरण होते मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंचे. त्या आकड्यांवरून नेमके काय सिद्ध झाले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिमानाचे स्वरूप

मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालकपद भूषविल्यानंतर एडिंबरा येथे रसायनशास्त्रज्ञ केरमॅक यांच्याशी त्यांचे सहकार्य जुळले. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले : रोग होऊ शकणारे, रोगग्रस्त आणि बरे झालेले वा मृत. पहिल्या गटाची संख्या विशिष्ट मर्यादेखाली गेली की साथ ओसरू लागते. त्यासाठी सर्वांनाच लागण व्हावी लागत नाही, हा त्यांचा प्रमुख निष्कर्ष होय.

मुंबईचे आकडे

मुंबईत प्लेग १८९६ मध्ये प्रकटला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंशी त्यांचा वक्र चांगला जुळला. सूत्रानुसार सतराव्या आठवड्यात मृत्यू ८९० या शिखरावर पोहोचतात. एकूण मृत्यू सुमारे ८,९०० भरतात. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,७६,००६ होती. तेव्हा लागण होण्याजोगी माणसे कमी झाल्याने साथ ओसरली, असे म्हणणे कठीण आहे. लेखकांनीही माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानले होते आणि आपली गृहीतके काटेकोरपणे लागू पडत नाहीत, असे प्रांजळपणे नोंदविले होते.

मर्यादा

प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो आणि पिसवांचे प्रमाण ऋतुमानानुसार बदलते. मुंबईतही प्लेग वर्षानुवर्षे ठराविक ऋतूतच बळावत असे. प्रतिमानात मात्र संसर्गाचा वेग स्थिर धरलेला होता. हाच मुद्दा पुढे आणून निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये ऋतुबदलांची दखल घेणारे प्रतिमान मांडले.

निष्कर्ष

केरमॅक-मॅकेंड्रिक प्रतिमानाचे मोल यामुळे कमी होत नाही. २०२० च्या कोविड साथीतही त्याच पठडीतील प्रतिमाने वापरली गेली. परंतु आकड्यांशी वक्र जुळला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. स्थानिक ऋतुमान, परिसर आणि प्राणिजीवन यांचा अभ्यास जोडल्याविना गणिताने दिलेले उत्तर अपुरे राहते, हेच मुंबईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.