पहिली आज्ञा कुणाची?

रेणा नदीच्या काठी जुन्या धाटणीच्या मोटारी ज्यांनी चालवल्या, त्यांना हे सांगावे लागत नाही की पाणी ओढणाऱ्या पंपाला आधी पाणी पाजावे लागते. फूटव्हॉल्व्ह गळका असला आणि पंपाच्या पोटात हवा शिरली, तर मोटार नुसती गरगरते, थेंब वर येत नाही. मग घागरीने पाणी ओतायचे, हवा काढायची आणि पुन्हा बटण दाबायचे. पाणबुडी मोटारी आल्या आणि हा खटाटोप मागे पडला. संगणकाची गत मात्र अजून तीच. प्रोग्राम मेमरीत भरण्याचे काम प्रोग्रामच करतो, तर पहिला प्रोग्राम कोण भरणार? रेणापूरच्या बसमध्ये कंडक्टरच्या हातातले तिकीट मशीन किंवा रेशन दुकानातले अंगठ्याचे मशीन चालू होताना पडदा क्षणभर काळा राहतो, तेवढ्यात हा पेच सुटत असतो. महाराष्ट्रातल्या संगणकाचा इतिहास सांगताना आपण चिप कुठली आणि वेग किती, एवढेच मोजतो. यंत्र कुणाचे हे मात्र त्या काळ्या पडद्यामागे ठरते, आणि तो इतिहास अजून नीट सांगितला गेलेला नाही.

‘परम’ महासंगणकाचेच घ्या. अमेरिकेने महासंगणक देताना आडकाठी घातली, 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि 1991 मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम 8000 तयार झाला. त्यावर ठरलेला आक्षेप असा, की त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपा तर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या; मग त्यात आपले काय? आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष घाईचा आहे. ट्रान्सप्युटरची एक पिन विशिष्ट तऱ्हेने जोडली की त्याला रॉमची गरजच उरत नसे. वीज आली की तो आपल्या चार दुव्यांकडे कान लावून बसे. कुठल्याही दुव्यावरून आलेला पहिला बाइट एकापेक्षा मोठा असला, तर तितके बाइट तो पोटात घेई आणि लगेच चालवू लागे. म्हणजे पहिला घास फार तर 255 बाइटांचा. तो पुढचा मोठा प्रोग्राम ओढून घेणार आणि शेजाऱ्याकडे सरकवणार, पंगतीत पत्रावळी पुढे सरकवाव्यात तसे. चिपला स्वतःचे मत नव्हते. तिने काय व्हायचे हे पाठवणारा ठरवी, आणि परमसाठीची ‘पारस’ ही प्रणाली सी-डॅकनेच लिहिली होती.

याहून बोलके उदाहरण विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी ‘आकाश’ टॅबलेटचे आहे, आणि नेमके त्याचेच हसे झाले. ऑक्टोबर 2011 मधला पहिला आकाश फारच दुबळा निघाला. पुढे काम आयआयटी मुंबईकडे आले आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी आकाश-2 देशापुढे ठेवला गेला. ऑलविनर कंपनीची ए13 चिप, 512 मेगाबाइट रॅम, सात इंची पडदा, सरकारला पडलेली किंमत 2,263 रुपये. सुटे भाग चीनचे आहेत म्हणून गहजब झाला आणि चर्चा तिथेच संपली. त्याच टॅबलेटवर ग्नू/लिनक्स चालवण्याचे काम पवईच्या याच आयआयटीत झाले, हे फार थोड्यांच्या कानावर गेले. ते कसे चाले हे बघण्याजोगे आहे. टॅबलेटच्या प्रोसेसरसाठीचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, साध्या मेजावरच्या संगणकावर बांधायचा. बोर्डाची कुठली पिन पडद्याला, कुठली स्पर्शपटलाला, याची फाइल जोडायची. बाकीची फाइल-व्यवस्था रचायची आणि सगळे मायक्रोएसडी कार्डावर उतरवायचे. ए13 जागी झाली की आपल्या रॉममधल्या चार ओळींनुसार आधी कार्डाकडे बघते. कार्डाच्या आरंभापासून बरोबर 8 किलोबाइटांवर ‘ईगॉन’ ही खूण सापडली आणि पडताळणीची बेरीज जुळली, तर तिथला लोडर उचलते. खूण एका घराने जरी सरकली तरी चिप कुरकुर करत नाही. गुपचूप आतल्या मेमरीकडे वळते आणि अँड्रॉइड सुरू होते. जणू कार्ड घातलेच नव्हते. आतले संदेश वाचायला सिरियलची तार जोडली नसेल तर चूक कुठे झाली, याचा पत्ताही लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, ते रॉम तरी चीनमध्येच लिहिलेले ना? होय. शिवाय चित्रे रंगवणाऱ्या माली भागाचा ड्रायव्हरही बंद पेटीतला होता. म्हणजे मालकी पुरती नव्हतीच. पण दार उघडे ठेवलेल्या घराला आणि कुलूप लावलेल्या घराला एकच म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यार्थ्याला अँड्रॉइड पुरेसे होते, पायथन आणि सायलॅब तर आयआयटीने अँड्रॉइडवरही चालवून दाखवले, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? कारण भाडेकरू भिंतीला खिळा ठोकू शकतो, पाया खणू शकत नाही. आकाशवरचे अँड्रॉइड कधीच शिळे झाले. पण ए13 चा आधार जगभरच्या हौशी मंडळींच्या खटपटीने पुढे मूळ लिनक्समध्ये गेला. बोर्ड जुना झाला तरी मुका झाला नाही, तो या उघड्या दारामुळे.

तिकीट मशीन किंवा अंगठ्याच्या मशीनबाबत मात्र मी उघड्या दाराचा आग्रह धरणार नाही. पैशाचा आणि धान्याचा हिशेब ज्यात आहे, त्यात कुणीही कार्ड घालून आपली आज्ञा चालवावी, हे परवडणारे नाही. तिथे कुलूप हवेच. किल्ली कुणाच्या कमरेला, एवढाच वाद आहे. हल्लीच्या बऱ्याच चिपांत अशा कुलुपाची सोय असते. किल्लीची खूण आतल्या फ्यूजांत एकदा जाळली, की तिची सही नसलेला कुठलाही प्रोग्राम चिप स्वीकारत नाही आणि जळलेला फ्यूज परत जोडता येत नाही. हे जाळणे बहुधा कारखान्यातच उरकते. मशीन रेणापूरच्या गाडीत चढण्याच्या कितीतरी आधी.