जुन्या कार्बन-सायकलीची साक्ष

वस्तूचा इतिहास तिच्या अंगावर लिहिलेला असतो, असें पुराणवस्तूंचे अभ्यासक मानतात. ह्या मताची कसोटी पाहावयाची असेल, तर जुन्या बाजारांतील कार्बन-तंतूंची सायकल घ्यावी. हिच्या अंगावर तिचा इतिहास पुष्कळदां लिहिलेला नसतोच.

जॉन केंप स्टार्ली ह्यानें १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल काढली. तेव्हांपासून सुमारें शंभर वर्षें फ्रेम म्हणजे बहुधा पोलादी नळ्या, हें समीकरण टिकलें. आपल्याकडील दूधवाल्यांनीं, पोस्टमननीं आणि शाळामास्तरांनीं पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या त्या सायकली ह्याच जातीच्या. पोलाद आपटलें कीं वाकतें, पोंचा पडतो, गंज दिसतो. आपली कुंडली लपविणें त्यास सहसा साधत नाहीं.

कार्बनचें कुळ निराळें. हे बळकट तंतू रॉजर बेकन ह्यास १९५८ सालीं अमेरिकेंत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेंत आढळले. पुढल्या दशकांत इंग्लंडांतील फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेनें ते उपयोगांत आणण्याजोगे केले. १९८६ सालीं ग्रेग लेमाँड ह्यानें कार्बनच्या फ्रेमवर ‘टूर द फ्रान्स’ जिंकली, आणि विमानाची ही सामग्री शौकिनांच्या स्वप्नांत शिरली. नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन ह्या डॉक्टर बंधूंनीं २०१५ सालीं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केल्यावर आपल्या प्रांतींही लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीस प्रतिष्ठा आली. साहजिकच एका शौकिनानें विकलेली सायकल दुसऱ्या, बेताच्या मिळकतीच्या तरुणाच्या हातीं येते.

तो तरुण ती घेऊन त्र्यंबकेश्वराहून तोरंगण घाटानें मोखाडा व जव्हारकडे निघाला, म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा राहत नाहीं. एके काळच्या मुकणे संस्थानाचा हा डोंगराळ मुलूख; येथें चढ-उताराला तोटा नाहीं. कार्बनचे थर राळेनें बांधलेले असतात. रोजच्या वापरानें ते थकत नाहींत. नीट घडविलेली फ्रेम ह्या बाबतींत धातूसही हार जात नाहीं. म्हणून ‘जुनी म्हणजे कुजकी’ हा समज खोटा. फ्रेमचा खरा वैरी काळ नव्हे, आघात होय. एखाद्या दगडावर आदळल्यानें आंतले थर सुटतात, वरचा रंग मात्र शाबूत राहूं शकतो. आणि पुढें ती सूचना न देतां मोडते. कार्बनच्याच कडा असलेल्या चाकांवर उतारभर ब्रेक दाबून धरला, तर उष्णतेनें राळ मऊ पडते, हा धोका आणखी वेगळा.

तेव्हां विक्रेत्याच्या शब्दापेक्षां परीक्षा बरी. नाण्यानें फ्रेम ठोकून पाहावी. एके ठिकाणीं नाद बद्द आला तर संशय घ्यावा. तथापि ही परीक्षा ढोबळ. ध्वनिलहरींची तपासणी अधिक विश्वसनीय. सीटचा दांडा उपसून पाहावा, कारण स्क्रू फाजील आवळल्यानें तेथेंच पुष्कळदां तडा जातो. मूळ पावती मागावी. परंतु कारखान्याची हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, हें विसरूं नये. पुढच्या चाकाचा चिमटा तर काढूनच पाहावा. तडा गेलेली फ्रेम जाणता कारागीर सांधूं शकतो. चिमट्याच्या बाबतींत मात्र आम्ही डागडुजीवर भिस्त ठेवणार नाहीं. तो मोडला तर स्वार तोंडघशीं पडतो. संशय असल्यास नवा घ्यावा आणि तेवढी रक्कम सौद्यांतच वजा करून मागावी.