स्कायव्ह्यू टॅक्सी
१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत न्यूयॉर्कमध्ये धावलेली, छताला झरोका असलेली अमेरिकन टॅक्सी. ‘स्कायव्ह्यू’ हे नाव क्रायस्लर कंपनीच्या डीसोटो गाड्यांचे. मॅनहॅटनच्या उंच इमारती मागच्या आसनावरून पाहता याव्यात, ही या झरोक्यामागची सुरेख कल्पना.

जुन्या छायाचित्रातील गाडी ओळखताना केवळ छतावर विसंबू नये. मिशिगनमधील कॅलमझू येथील चेकर कंपनीने १९३९ च्या सुमारास आणलेल्या ‘मॉडेल ए’ टॅक्सीचेही छत उघडत असे. मात्र तिथे छताचा मागचा भागच उघडे. डीसोटोत छत कायम राहून त्यात झरोका असे. सर्वांत भरवशाची खूण गाडीच्या तोंडावर असते. १९४२ च्या डीसोटोचे दिवे झडपांआड लपत, तर १९४६ ते १९४८ च्या गाड्यांचे दिवे उघडे असून जाळीच्या उभ्या पट्ट्या ठळक दिसतात. लांबलचक बांधा आणि पुढच्या व मागच्या आसनांमधील घडीची जादा आसने या पूरक खुणा होत. रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये. त्या काळी न्यूयॉर्कच्या टॅक्सींना पिवळ्या रंगाची सक्ती नव्हती.