अवधाण
पायात काटा मोडून तो पिकला की जांघेत, हाताची जखम चिघळली की काखेत उठणारी दुखरी गाठ. वैद्यकात ही लसिकाग्रंथीची सूज. कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना) भागातील कापूस-उसाच्या रानात अनवाणी राबणाऱ्याला ती नवी नाही. रोगप्रतिकारयंत्रणेचे काम इथे बोटांनी चाचपून पाहता येते.

कार्य : काट्याबरोबर शिरलेले जंतू त्वचेखालच्या महाभक्षक पेशी गिळू लागतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात. जागा लाल, गरम होते, ठणकते. रक्तातून पांढऱ्या पेशी धावून येतात. मेलेल्या पेशी व जंतू मिळून पू होतो. इतर काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांवाटे जांघेतल्या ग्रंथीत पोचतात. तिथल्या असंख्य लसिकापेशींपैकी त्या तुकड्याशी नेमक्या जुळणाऱ्या थोड्याच असतात. त्या सापडल्या की झपाट्याने दुणावतात. ग्रंथी फुगते, तिचे आवरण ताणले जाते, म्हणून ती दुखते. लसिकापेशींतील टी-पेशींच्या मदतीने बी-पेशी प्रतिपिंडे बनवतात. जंतू अनोळखी असेल तर याला आठवडाभर तरी लागतो. काही पेशी स्मृतिपेशी होऊन उरतात. तोच जंतू पुन्हा आला तर प्रतिकार लवकर उभा राहतो.

प्लेगची गाठ : प्लेगचे जंतू पसरवणारी पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून ही गाठही बहुधा जांघेत. पण प्लेगचे जंतू महाभक्षक पेशींतही तग धरतात आणि ग्रंथीतच वाढतात. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना लोंबत वाढत; मग उष्णतेने ते मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. लशीचे मेलेले जंतूही शरीराला प्रतिकाराला लावतात, ते असे. महाभक्षक पेशींचे काम ओळखणारे मेचनिकॉफ हे हाफकिन यांचे ओडेसातील गुरू. हाफकिन यांची मुंबईतील परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९९४ मध्ये गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण नोंदले गेले. निदानाविषयी तज्ज्ञांत मतभेद होते.

उपचार : अवधाणात तो मूळ जखमेवर करावा. गाठ चोळू वा फोडू नये. जखम नसताना उठलेली, न दुखता वाढणारी किंवा काही आठवड्यांत न बसणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. मानेतील अशी गाठ क्षयाची असू शकते.