प्रदेशाच्या हवामान-अहवालाची कुळकथा

एखाद्या प्रदेशाचे हवामान किती बदलले, कशामुळे बदलले आणि पुढे किती बदलेल, याविषयी तोवर झालेले सगळे संशोधन एकत्र तपासून, प्रत्येक निष्कर्ष किती खात्रीचा आहे हे नोंदवून राज्यकर्त्यांसाठी आणि जाणत्या वाचकांसाठी सिद्ध केलेला ग्रंथ म्हणजे प्रादेशिक हवामानबदल मूल्यमापन अहवाल. त्यात नवा शोध असावाच असे नाही. शोधनिबंध एका अभ्यासकाचे किंवा एका गटाचे म्हणणे मांडतो. मूल्यमापन शेकडो निबंध समोर ठेवून जाणकारांचे एकमत कुठे आहे, मतभेद कुठे आहेत आणि पुरावा कुठे अपुरा पडतो, ते सांगते. भारतीय प्रदेशाचा असा पहिला सर्वांगीण अहवाल केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तो तयार झाला पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत.

‘मूल्यमापन’ हा शब्द जड वाटला तरी ही कल्पना महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांना परकी नाही. पिकाची पैसेवारी हेही एक मूल्यमापनच. सोळा आण्यांच्या काळात तिला आणेवारी म्हणत. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, शेवटी अंतिम. आणि अंतिम आकडा पन्नास पैशांच्या आत आला की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरत आले आहे. पीक उभे असतानाचा अंदाज आणि कापणीनंतरचा आकडा यांत फरक असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून प्रत्येक आकडा कोणत्या टप्प्यावरचा आहे हे सांगावेच लागते. हवामानाच्या अहवालाचा प्राणही यातच आहे. नुसता आकडा अपुरा, त्यासोबत खात्रीची पातळी हवी.

या अहवालाचे मूळ शोधत गेले की वाट दुष्काळांपाशी पोहोचते. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले, १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. त्यानंतर १८७५ मध्ये हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे ते सोपवले. नोंदी त्याआधीही होत होत्या. मुंबईची कुलाबा वेधशाळा तर १८२६ ची. पण ठिकठिकाणच्या नोंदी एका पद्धतीने घेऊन एका जागी आणण्याचे काम आता सुरू झाले. समुद्राची पातळीही याच काळात मोजली जाऊ लागली. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत आणि हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींत त्यांची गणना होते.

या साऱ्या डोलाऱ्याच्या तळाशी एक साधे उपकरण आहे: पर्जन्यमापक. वर ठरावीक व्यासाचे नरसाळे, खाली पाणी साठवणारे भांडे आणि शेजारी खुणा केलेले काचेचे मोजपात्र. उघड्यावर, झाडा-भिंतींपासून दूर बसवलेल्या या यंत्रातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतायचे, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मोजणाऱ्याने एखाद्या रविवारी टाळाटाळ केली आणि सोमवारी दोन दिवसांचा पाऊस एकत्र लिहिला, तरी महिन्याची बेरीज बरोबरच येते. पण एका दिवसाच्या अतिवृष्टीचा हिशेब कायमचा बिघडतो. अतिवृष्टी वाढली की नाही हे आज ज्या ठामपणे सांगता येते, त्याचे श्रेय ज्यांची नावे कुठेही छापली गेली नाहीत अशा मोजणाऱ्यांच्या नियमितपणाला आहे.

हवामान खरेच बदलले का, हा प्रश्न सरकारदरबारी पहिल्यांदा नीट तपासला तो गिल्बर्ट वॉकर यांनी. १९०४ ते १९२४ या काळात ते हवामान खात्याचे प्रमुख होते. जंगलतोडीमुळे पाऊस आटला, ही समजूत त्या काळी सर्रास होती. वॉकर यांनी हिंदुस्थानातल्या हवामानबदलाच्या समजुतींचा पुरावा उपलब्ध नोंदींवर घासून पाहिला आणि १९१० मध्ये खात्याच्या ग्रंथमालेत निष्कर्ष मांडला: कायमस्वरूपी बदलाचा पुरावा आकड्यांत सापडत नाही. उत्तर नकारार्थी असले तरी लोकांच्या मनातला प्रश्न, जुन्या नोंदी आणि त्यांतून निघेल तेवढेच उत्तर, ही घडण पुढच्या अहवालांचीच आहे. म्हणून या कुळाचा मूळपुरुष म्हणून वॉकर यांचेच नाव घ्यायला हवे. १९५० च्या दशकात प्रामाणिक आणि जगन्नाथन यांनी पाऊस व तापमान यांच्या लांबलचक मालिका पुन्हा तपासल्या. त्यांनाही देशभर एकाच दिशेने जाणारा कल आढळला नाही.

दरम्यान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी हवामानाच्या अभ्यासाची परंपरा पुण्यातच रुजली. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था इथे निघाली आणि १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली. या संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चिकाटीचे काम केले. देशाच्या बहुतांश भागात सारख्या अंतराने विखुरलेली ३०६ पर्जन्यमापन केंद्रे निवडून त्यांनी १८७१ पासूनच्या मोसमी पावसाची सलग मालिका बांधली. केंद्रांचा संच एकदा ठरवून कायम ठेवल्यामुळे १८७७ चा दुष्काळ आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आलेला दुष्काळ एकाच मापाने मोजता आला.

तापमानाच्या बाबतीत वळण आले १९८५ मध्ये. एल. एस. हिंगणे, के. रूपकुमार आणि रमण मूर्ती यांनी १९०१ ते १९८२ च्या नोंदी तपासून भारताचे सरासरी तापमान शतकाला सुमारे ०.४ अंश सेल्सियस या वेगाने वाढत असल्याचे दाखवले. वॉकर यांना न सापडलेला कल आता आकड्यांत दिसू लागला होता.

अहवाल या प्रकाराला आजचे रूप मात्र बाहेरून मिळाले. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली हवामानबदलाविषयीचे आंतरशासकीय मंडळ, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झाले आणि १९९० मध्ये त्याचा पहिला अहवाल आला. धोरणासाठी उपयोगी पडावे, पण धोरण ठरवू नये, हा दंडक या मंडळाने घालून दिला. पुढे खात्रीची परिभाषाही ठरली: ‘संभाव्य’ म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक शक्यता, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक. लिहिणाऱ्याच्या मनातले ‘बहुधा’ आणि वाचणाऱ्याच्या मनातले ‘बहुधा’ एकच असावे, यासाठी ही तजवीज.

पण जागतिक अहवालाने जिल्हाधिकाऱ्याचे किंवा धरण बांधणाऱ्याचे काम भागत नाही. अमेरिकेने १९९० मध्ये कायदाच करून निदान चार वर्षांतून एकदा राष्ट्रीय मूल्यमापन बंधनकारक केले. पहिले २००० मध्ये निघाले. बाल्टिक समुद्राभोवतालच्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या खोऱ्यापुरता अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०१५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. बाल्टिकचा हा प्रयोग मोलाचा आहे. एकमत नसेल तिथे तेही ज्ञान म्हणून नोंदवायचे आणि राजकीय वा आर्थिक हितसंबंध असलेल्यांचा हात लागू द्यायचा नाही, ही शिस्त त्यांनी लावून घेतली. समुद्रसंरक्षणाच्या हेलकॉम या आंतरदेशीय आयोगाने आपल्या अहवालासाठी हेच साहित्य आधाराला घेतले.

भारताला या गरजेची जाणीव एका चुकीने प्रखरपणे करून दिली. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे विधान शिरले होते. त्याला पुरेसा आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने त्याबद्दल खेद व्यक्त केला. जगाच्या सरासरीबद्दल काटेकोर असलेला ग्रंथ एका प्रदेशाच्या तपशिलात घसरला, हे त्यातून दिसले. ऑक्टोबर २००९ मध्येच भारत सरकारने देशातल्या संशोधन संस्थांचे एक जाळे उभारले होते. त्याचा अहवाल नोव्हेंबर २०१० मध्ये ‘चार गुणिले चार’ या नावाने आला. शेती, पाणी, परिसंस्था आणि आरोग्य ही चार क्षेत्रे. हिमालय, पश्चिम घाट, किनारपट्टी आणि ईशान्य भारत हे चार प्रदेश. त्याची नजर मुख्यतः २०३० च्या दशकातल्या परिणामांवर होती.

प्रदेशाचे भाकीत जगाच्या भाकितापेक्षा अवघड का, याचे उत्तर सह्याद्रीत उभे राहिले की मिळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; पसरणी घाट उतरून वाईला यावे तर हजाराच्याही आत. संगणकीय प्रारूप पृथ्वीची चौकटींत विभागणी करते आणि प्रत्येक चौकटीला एकच आकडा देते. जुन्या जागतिक प्रारूपांच्या चौकटी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या, म्हणजे कोकण, घाट आणि देश सगळे एकाच खणात. पुण्याच्या संस्थेत रूपकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ५० किलोमीटरच्या चौकटींचे भारतापुरते चित्र मांडले. २००९ मध्ये संस्थेत हवामानबदल संशोधन केंद्र सुरू झाले. दक्षिण आशियासाठी तशाच बारीक चौकटींचे प्रयोग तिथून झाले आणि संस्थेने स्वतःचे पृथ्वी-प्रणाली प्रारूपही घडवले. तरीही ५० किलोमीटरच्या खणात महाबळेश्वर आणि वाई एकत्रच येतात. घाटमाथ्यावरच्या भाकितांबद्दल अहवाल हात राखून बोलतो, त्याचे एक कारण हे आहे.

२०२० चा अहवाल आर. कृष्णन आणि जे. संजय, सी. ज्ञानशीलन, मिलिंद मुजुमदार, अश्विनी कुलकर्णी व सुप्रियो चक्रवर्ती यांनी संपादित केला. बारा प्रकरणांचा हा ग्रंथ कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. उष्णदेशीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ मध्ये सरासरी १ अंशाने वाढले, जागतिक समुद्रपृष्ठाच्या ०.७ अंशाहून जास्त. उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने चढत होती. १९९३ ते २०१७ मध्ये तो वेग ३.३ मिलिमीटरवर गेला. अपोलो बंदरासारख्या जुन्या केंद्रांवरच्या नोंदी इथे कामी आल्या.

पावसाची कहाणी गुंतागुंतीची आहे आणि अहवालाचा कस तिथेच लागतो. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात ठळक आहे. पण मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. १९५१–८० च्या तुलनेत १९८१–२०११ मध्ये पावसाळ्यातल्या कोरड्या खंडांची वारंवारता २७ टक्क्यांनी वाढली. एकूण कमी आणि पडतो तेव्हा कोसळतो: शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट इथे आकड्यांनी सिद्ध झाली. तापमान वाढले की हवेत बाष्प जास्त मावते, तेव्हा पाऊस वाढायला हवा होता. तो का घटला? माणसाच्या व्यवहारांतून हवेत गेलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवून ती वाढ बरीचशी झाकून टाकली, असे एकमत नोंदी आणि प्रारूपांच्या आधारे आकाराला येत आहे.

भविष्याचा आकडा उत्सर्जनाच्या मार्गावर अवलंबून आहे. उत्सर्जन सर्वाधिक राहिले तर शतकाच्या अखेरीस भारताचे तापमान १९७६–२००५ च्या सरासरीपेक्षा सुमारे ४.४ अंशांनी वाढेल आणि एप्रिल ते जूनमधल्या उष्णतेच्या लाटा तिप्पट-चौपट होतील.

अहवाल निघाला त्याच महिन्यात, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. हे हवामानबदलामुळे झाले का, हा प्रश्न तेव्हा जो तो विचारत होता. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांची एकूण संख्या विसाव्या शतकाच्या मध्यापासून घटली, मात्र २००० ते २०१८ या काळात मोसमोत्तर ऋतूतली अतितीव्र वादळे वाढली, असे अहवाल म्हणतो. तो एका वादळावर ठपका ठेवत नाही. बाग गमावलेल्या माणसाला हे उत्तर अपुरे वाटणे साहजिक आहे. पण कलाचा पुरावा एका घटनेवर लादला नाही म्हणूनच त्या पुराव्याला वजन आहे.

अहवालापासून कृतीपर्यंतचा प्रवास राज्यांच्या पातळीवर होतो. महाराष्ट्रासाठी टेरी या संस्थेने तयार केलेला असुरक्षितता आणि अनुकूलनाचा अहवाल २०१४ मध्ये आला. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये. आयपीसीसीनेही २०२१ च्या अहवालात प्रादेशिक माहितीला मोठी जागा दिली आणि वाचकाला आपला प्रदेश निवडून पाहता येईल असा परस्परसंवादी नकाशासंग्रह जोडला.

आता अशा माहितीची मागणी जिल्ह्याच्याही खाली, महसूल मंडळापर्यंत उतरली आहे. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि पीकविम्याचा हिशेब त्यांच्या नोंदींवर होऊ लागला. मोजपात्र डोळ्यांसमोर धरणाऱ्या माणसाची जागा तिथे यंत्राने घेतली आहे. पण हवामानाची सरासरी काढायला जगभर तीस वर्षांची नोंद धरतात. २०१७ पासून सुरू झालेल्या या मालिका, मध्ये खंड पडला नाही तर, २०४६ अखेरीस त्या मोजमापाला उतरतील.