बंब : पाण्याच्या पोटातली आग

पुण्याची थंडी पुण्यात तयार होत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वादळी हवेचे पट्टे निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडतात आणि काश्मीर-हिमाचलावर बर्फ टाकून पुढे जातात. हेच पश्चिमी झंझावात. ते सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे थेट दख्खनपर्यंत उतरतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब झपाट्याने सोडते. जड झालेली गार हवा मग सखल भागात, नदीकाठी साचून राहते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच्या सातच वर्षे आधी, १९२८ मध्ये, भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले होते. शिवाजीनगरच्या त्या जागेला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

जिथे बर्फ पडतो तिथल्या शहरांना रस्ते मोकळे करावे लागतात, त्यांवर मीठ टाकावे लागते, घरे आतून तापवावी लागतात. पुण्याची थंडी त्या जातीची नाही. ती पहाटे येते, उन्हाबरोबर ओसरते आणि माणसाला गाठते ती आंघोळीच्या वेळी. म्हणून या शहराने थंडीला दिलेले उत्तर घराघरातल्या न्हाणीत उभे राहिले. ते उत्तर म्हणजे तांब्याचा बंब, आणि पुण्यात तो घडवणारे हात कसबा पेठेतल्या तांबट आळीतले.

बंबाआधी न्हाणीतल्या चुलीवर हंडा किंवा तपेले चढवत. त्यात आग खाली आणि पाणी वर. ज्वाळा भांड्याच्या बुडाला लागून कडेने निसटते आणि बरीचशी उष्णता न्हाणीच्या हवेत जाते. उकळते भांडे उतरवताना हात भाजण्याची भीती वेगळीच. बंबाने ही रचना उलटी केली. उभ्या गोल भांड्याच्या मधोमध एक नळकांडे बसवले, त्याच्या तळाशी जाळी ठेवली आणि आग त्या नळकांड्यात पेटवली. पाणी तिच्या चहूबाजूंनी. वरून ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे टाकायचे. राख जाळीतून खाली पडते, खालून ताजी हवा आत ओढली जाते आणि धूर वर निघून जातो. तेच नळकांडे चूल असते आणि धुराडेही तेच. उष्णतेला बाहेर पडायचे तर पाण्याला लागूनच जावे लागते.

वीस लिटर पाणी १८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेच्या साधारण एका युनिटाइतकी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात त्याच्या चौपट उष्णता असते. ती वाया जाऊ दिली नाही तर सुताराकडच्या ढलप्यांच्या एका टोपलीत कुटुंबाच्या आंघोळी होतात. स्वयंपाकाला निरुपयोगी असे बारीकसारीक जळण बंबात चालते, ही त्याची मोठीच सोय होती.

हे सारे तांब्यामुळे साधते. तांबे लोखंडाच्या साधारण पाचपट वेगाने उष्णता पुढे नेते, आणि पाण्यात ते लोखंडासारखे गंजून झिजत नाही. शिवाय ते ठोकून वाढवता येते. पण ठोकत गेले की तांबे कडक होते आणि तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून कारागीर ते पुन्हा भट्टीत लालबुंद करतो, मऊ करून घेतो आणि मग परत ऐरणीवर घेतो. शेवटी येते मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून, सारख्या अंतरावर, ओळीने ठोके द्यायचे. त्याने पत्र्याला चकाकी येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ताठपणा येतो. पाण्याने भरलेला बंब पातळ पत्र्याचा असूनही पोचत नाही, तो या ठोक्यांच्या जोरावर. पाहणाऱ्याला जी नक्षी दिसते ती त्या भांड्याची ताकद असते.

बंबाचा कच्चा भाग एकच, झाळलेले सांधे. पाणी असेपर्यंत आतल्या नळकांड्याचा पत्रा पाण्याच्या उकळबिंदूच्या फार वर जात नाही, त्यामुळे सांधा सुरक्षित राहतो. पाणी संपले आणि आग राहिली की तो सुटलाच. म्हणून आधी पाणी, मग विस्तव, हा बंबाचा पहिला नियम. लहान मुलांनाही तो ठाऊक असे. काही बंबांत वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर येते. भांडे कधी रिकामे होऊच नये, ही काळजी त्या घडणीतच घेतलेली असते.

तांबट आळीतले कारागीर त्वष्टा कासार समाजाचे. पेशवाईत पुणे वाढले तेव्हा ही मंडळी कोकणातून येऊन कसब्यात स्थिरावली. नाणी, तोफा, शस्त्रास्त्रांचे भाग अशी राज्याची कामे त्यांच्या हाताखालून गेली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दरबारी काम संपले. हातोडी थांबली मात्र नाही. ती घरांकडे वळली. हंडे, घागरी, तपेली, घंगाळी आणि बंब. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने शहरातल्या तांब्या-पितळेच्या धंद्याची सविस्तर नोंद केली आहे. ज्या कौशल्यावर राज्य उभे होते तेच पुढे सामान्य माणसाच्या न्हाणीत ऊब देऊ लागले. बंबाच्या कुळकथेतला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

बंब हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पंपाला ते बोंबा म्हणतात. आग विझवणारी गाडीही मराठीत बंबच.

रचनेने बंबाचे नातलग दूरवर आहेत. रशियातला समोवार असाच, मधोमध विस्तव आणि भोवती पाणी. तुला शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये समोवारचा कारखाना काढला आणि ते गाव समोवारचेच झाले. काश्मीरचा तांब्याचा समोवारही त्याच कुळातला. त्यात कहवा आणि नून चाय होते. जो झंझावात श्रीनगरवर बर्फ टाकतो त्याच्याच मागचा वारा कसब्यात शिरशिरी आणतो, आणि दोन्हीकडे माणसाने तांब्याच्या पोटात निखारे ठेवूनच त्याला तोंड दिले.

इथे बंबाला सणाचा मानही मिळाला. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो चिंचेने घासून लखलखीत करायचा, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायची आणि भरून ठेवायचा. उजाडण्याआधी उटणे आणि कढत पाणी. वर्षातली ही पहिली थंडीची आंघोळ. हिवाळा अंगावर येण्याआधी घरातले तापवण्याचे साधन तपासून, साफ करून ठेवण्याची शिस्त या विधीत आहे.

मग घरे बदलली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे कोसळले. पुढच्या दशकांत वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. बंद न्हाणीघरात निखारे पेटवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेचे आणि गॅसचे गीझर आले, गच्चीवर सौर बंब आले. ते बसवणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात सूट देते. हे बदल योग्यच झाले. धुराने डोळे चोळणाऱ्या बायकांची पहाट त्यामुळे सुटली, आणि ती परत यावी असे कोणी म्हणू नये.

पण बंबाचे काम संपले म्हणून तांबटाचे काम संपू देणे ही शहराची चूक ठरेल. यंत्रावरची भांडी, स्टील आणि प्लास्टिक यांपुढे आळीतली किती तरी घरे या धंद्यातून बाहेर पडली. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने आणि फोर्ब्ज मार्शल या कंपनीने नव्या घडणीच्या वस्तूंसाठी या कारागिरांबरोबर काम केले. वाफेची यंत्रसामग्री बनवणारी कंपनी बंब घडवणाऱ्या हातांच्या मदतीला आली, हे मला आनंदाचे वाटते. तेवढ्यावर मात्र आळी तगणार नाही. तिला गिऱ्हाईक हवे, कच्चा माल परवडणाऱ्या दरात हवा आणि मुलांना हा धंदा धरावासा वाटेल इतकी मजुरी हवी.

आपल्या हातात आहे ते साधे आहे. माळ्यावरचा जुना बंब भंगारात घालू नये. भंगारवाला त्याला तांब्याच्या वजनाचा भाव देतो, मठारकामाचा नाही. तो तांबट आळीत घेऊन जावा. पोचा काढून मिळतो, सुटलेला सांधा पुन्हा झाळता येतो. ज्यांच्याकडे अंगण किंवा उघडी मोरी आहे त्यांनी तो दिवाळीला पेटवावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी त्याच हातांकडून घागर करून घ्यावी, पण सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी.